नीटनंतरचे दोन महिने



जळगाव असो की धुळे, आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत एखादं मूल नीटची तयारी करतंय. कुणी लातूरला क्लासला, कुणी कोट्याला. 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. पण एक गोष्ट मला खटकते. मूल दोन-तीन वर्षं त्या पुस्तकांत बुडालेलं असतं, आणि आजारी माणसाजवळ मात्र सलग तासभरही बसलेलं नसतं. उलट घरात कुणी आजारी पडलं की आपणच म्हणतो, "तू अभ्यासाला बस, इकडे येऊ नकोस."

अमेरिकेत असं चालत नाही. माझ्या भाचीचा मुलगा न्यू जर्सीत आहे. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकलचा अर्ज, आणि पेशंटसोबत काय काम केलं हे त्या अर्जात लिहावं लागतं. त्याने हॉस्पिटलात व्हीलचेअर ढकलल्या, नंतर डॉक्टरांशेजारी बसून त्यांच्या नोंदी टाइप केल्या. आपल्याकडे प्रवेशाला याचा एक गुणही मिळत नाही.

आपल्याकडे ही जाण अगदीच नाही, असंही नाही. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथे नवी मुलं आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात, सफाई करतात, सूत कातात. पुढे प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमापासून तर सगळ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी मुलांना पेशंटजवळ नेतात. पण तोवर प्रवेश झालेला असतो, फी भरलेली असते. मी कॉमर्सची पदवीधर. सौदा करण्याआधी माल पाहावा, एवढं मला कळतं.

म्हणून मला वाटतं, मे महिन्यात परीक्षा झाली की प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होईपर्यंतचा काळ यासाठी वापरावा.

माझ्या जावेची नात धुळ्याची. परीक्षा दिल्यावर ती जळगावला आमच्याकडे आली. माझ्या सासूबाई, म्हणजे तिची पणजी, पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. गुण जेमतेम येतील असा तिचा अंदाज होता, आणि खाजगी कॉलेजसाठी प्लॉट विकायची तयारी तिच्या वडिलांनी ठेवली होती. मी तिला एवढंच म्हटलं, "महिनाभर मोठ्या आजीचं तू बघ. मी सोबत आहे."

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना उशी लावून नीट बसवायचं, घास चांगल्या बाजूने द्यायचा, नाहीतर ठसका लागतो. लघवीचं भांडं, चादरी, पुसून घेणं. पहिले दोन दिवस ती जेवली नाही. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की मोठी आजी चिडते तेव्हा बहुतेक वेळा तिला ओलं लागत असतं, फक्त सांगता येत नाही.

सकाळी दोन तास ती आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जायची. केसपेपर काढणं, नंबर लावणं, म्हाताऱ्यांना हात धरून आत नेणं. खेड्यावरचे पेशंट अहिराणीत "डोकं दुखस" म्हणायचे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या पोरीला ते कान देऊन ऐकावं लागायचं. एकदा बाकावरच्या आपल्याच एक आजी शेजारणीला सांगत होत्या, "माझा चौविहार असतो, रात्रीची बीपीची गोळी मी घेतच नाही." डॉक्टरांना त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. पोरीने त्यांच्याशेजारी बसून समजावलं, "आजी, आत गेल्यावर हे नक्की सांगा." त्यांनी सांगितलं, आणि डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं."

काही गोष्टी मात्र आधीच ठरवून घ्या. मुलाने इंजेक्शन, ड्रेसिंग, औषध यांना हात लावायचा नाही. तपासणीच्या वेळी आत थांबायचं तर आधी पेशंटला विचारायचं. फोटो काढायचा नाही, आणि कुणाला काय आजार आहे ते घरी येऊन सांगायचं नाही. बीपीच्या गोळीची गोष्टही मी त्या आजींना विचारूनच इथे लिहिली आहे. घरात आजारी माणूस नसेल तर वृद्धाश्रम आहे, मोतीबिंदूची शिबिरं असतात. धुळ्याला चक्करबर्डीच्या सरकारी दवाखान्यात साक्री-शिरपूरकडून माणसं येतात. ओळखीचं कुणी तिथे भरती असेल तर डबा घेऊन मुलालाच पाठवा आणि तासभर बसू द्या.

आपल्या धर्मात सहा आभ्यंतर तपं सांगितली आहेत, त्यात वैयावच्च आहे. अठाईचं पारणं आपण थाटात करतो. आजाऱ्याची चादर बदलणाऱ्या मुलीला मात्र "हे तुझं काम नाही" म्हणतो. हे बदलायला हवं.

निकाल लागला. गुण तिच्या अंदाजाइतकेच आले. तिने वडिलांना स्वतः सांगितलं, "प्लॉट विकू नका. सरकारी सीट मिळाली तर एमबीबीएस, नाहीतर फिजिओथेरपी. त्याचा प्रवेशही नीटवरच होतो." मोठ्या आजीची दोन बोटं फिजिओथेरपिस्टच्या व्यायामाने हलायला लागलेली तिने पाहिली होती. वडील आठ दिवस गप्प होते. जावेला वाटलं, पोर हरली. मला तसं वाटत नाही. महिनाभर ती आजारी माणसाजवळ राहिली आणि मग बोलली. आमच्या घरात इतक्या माहितीनिशी करिअर कुणीच निवडलं नव्हतं.

आता फेऱ्या सुरू आहेत, यादीकडे डोळे लागले आहेत. काहीही झालं तरी दिवाळीला मोठ्या आजीकडे येणार, असं तिने कळवलंय.