भरली भेंडी
अप्पा माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी आजोबांच्या मागून घातली, त्यालाही आता तीस वर्षे होऊन गेली. घरात लसूणसुद्धा एकादशी बघून पडतो. अशा माणसाला घेऊन आम्ही क्वालालंपूरजवळच्या आंपांग भागात एका चिनी खानावळीत शिरलो, हा दादाचा बेत. तो तिकडे नोकरीला, आणि २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो होतो. आई गेल्यावर अप्पांना प्रथमच घराबाहेर काढले होते.

पत्र्याचे छप्पर, वर गरगरणारे पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या. आपल्या खडेबाजारातल्या एखाद्या हॉटेलात बसल्यासारखेच वाटत होते. दादाने वाटेतच इतिहास सांगून टाकला होता. १८५७ साली, म्हणजे इकडे बंड पेटले होते तेव्हा, ८७ चिनी मजूर नदीतून वर येऊन याच आंपांगला कथील शोधायला उतरले. बरेचसे पहिल्याच महिन्यात तापाने मेले. पुढे या भागात आलेल्यांत हक्का लोक पुष्कळ. हक्का म्हणजे ‘पाहुणी घराणी’; पिढ्यान्‌पिढ्या राहूनही नाव पाहुण्यांचेच. (आपल्याकडच्या गाड्यांवरचे हक्का नूडल्स ते याच नावाचे, पण कलकत्त्याच्या वाटेने आलेले.) त्यांचा आवडता पदार्थ योंग ताउ फू, म्हणजे भरलेला टोफू. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर म्हणा.

पण टोफूबरोबर तिथे परातीत काय मांडले होते ते पाहून अप्पांचा चेहरा उजळला. भरली भेंडी, भरले कारले, भरले वांगे, भरली मिरची! “हे तर आपलंच की!” म्हणत त्यांनी हातात चिमटा घेतला आणि वाडग्यात एकेक निवडून ठेवू लागले.

“आत काय असतं रे?”

“सोयाबीनचं वाटण,” दादा म्हणाला.

ते माशाचे होते. आदल्या रात्री दादानेच मला हसत हसत सांगितले होते: कळणार नाही गं, नुसतं पांढरं असतं, एकदा खाल्लं की सुटतील. तेव्हा मी हसले नव्हते, पण त्याला अडवलेही नव्हते. आताही माझ्या तोंडून शब्द फुटेना. अप्पा किती दिवसांनी काहीतरी आवडीने घेत होते!

वाडगे सुपासह टेबलावर आले. अप्पांनी भेंडी उचलली. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे तमिळ गृहस्थ बसले होते, कपाळाला भस्म. त्यांची नजर माळेवर गेली असावी. ते एकदम हात आडवा करून म्हणाले, “सामी, मीन! मीन!”

बाकी तमिळ आम्हाला कुणालाच येत नाही. पण अप्पांनी चाळीस वर्षे किराणा दुकान चालवलेले, निम्मी गिऱ्हाइके कानडी. कन्नडमधला मीनु त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. भेंडी ओठांपर्यंत गेली होती, ती परत वाडग्यात आली. त्यांनी त्या गृहस्थांना हात जोडले. मग वाडगे दादाकडे सरकवले.

“तू खा. थंड होईल.”

इतकेच. ते रागावले असते तर बरे झाले असते.

तेवढ्यात दुसरी बशी आली. पांढऱ्या, तुकतुकीत तांदळाच्या सुरळ्या, वरून तीळ आणि गोडसर काळा रस. दादाला आता खरे बोलण्याची घाई झाली होती. “अप्पा, याला ची चाँग फन म्हणतात. म्हणजे... डुकराचं आतडं. पण ते नुसतं आकारावरून! आत काही नाही, तांदूळ आणि पाणी. शपथ.”

आता त्याच्या शपथेला कोण विचारतो? अप्पा उठले आणि सरळ भट्टीपाशी गेले. मी मागोमाग. मालकीण तेल लावलेल्या ट्रेमध्ये पळीभर पातळ पीठ ओतून ते हलवून पसरवी, वाफेच्या खणात ढकली. दोन-तीन मिनिटांत पारदर्शक झालेला पापुद्रा पट्टीने सोडवून गुंडाळी. अप्पा बघत राहिले.

“अगं, ह्या तर फेण्या!”

आई सावंतवाडीकडची. चैत्रात ताटलीला तेल लावून, तांदळाचे पातळ पीठ पसरून वाफवायची, आणि पापुद्रे सोडवून धोतरावर वाळत घालायची. वाळवणापर्यंत निम्म्याच पोचत. बाकीच्या ओल्याच आमच्या पोटात. त्यात सगळ्यांत जास्त वाटा अप्पांचा, असे आई म्हणे.

मी माळेकडे बोट दाखवून खुणेने समजावले. मालकिणीने मान हलवली, कात्री नळाखाली धुतली, नवी सुरळी कापली आणि रस न घालता वर नुसते तीळ टाकले. अप्पांनी पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि खाऊ लागले. दुसरी बशीही मागवली. “मीठ कमी पडलंय,” एवढेच म्हणाले. दादा समोर बसून माशाची भेंडी गिळत होता, मान खाली घालून.

परतताना दादा गाडी आणायला पुढे गेला. अप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, “तुलाही ठाऊक होतं, नाही गं?”

मी “हो” म्हटले.

त्यांनी माळ सदऱ्याच्या आत सारली. गाडी येईपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे होतो.