अंगणातला बाक

चंद्रपूरच्या आमच्या अंगणात वडिलांचा एक सागवानी बाक आहे. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाची कीर्ती मोठी. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेले, तेव्हा जणू माझाच सत्कार झाला अशा थाटात मी मिरवलो. असल्या लाकडाची काळजी ती काय घ्यायची!

वडील मात्र दर दिवाळीपूर्वी बाक धूत, उन्हात वाळवत, जवसाचे तेल चोळत आणि पायांखाली दगड ठेवत. त्यांच्यामागे मी सोपा मार्ग काढला. दगड फेकले, चकचकीत रंगाचा जाड थर दिला. दोन पावसाळे गेले आणि एके दिवशी बसतो तो मागचा पाय खचला!

म्हाताऱ्या सुतारकाकांनी त्यात टोचा खुपसला. म्हणाले, "गुरुजी, वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण कडेचं पांढरं लाकूड सोडत नाही. पाय खालून पाणी पीत राहिला, वरून तुम्ही रंगानं त्याचं तोंड बांधलं. त्यानं वाळावं कुठून?"

नवा पाय बसला. दगड परत आले. मी सारा रंग खरवडला. तेल चोळून झाल्यावर उरलेले कोरड्या फडक्याने पुसायचे, हे काकांनी शिकवले.

यंदा तेल लावताना उजव्या कडेला बोटांना एक गुळगुळीत खळगा लागला. वडील तिथेच हात टेकून उठत. दोन वर्षे तो माझ्या रंगाखाली बुजला होता.