फुफींचा अंगठा आणि पोन्नानीची वाट

रत्नागिरीला संध्याकाळी नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसले की रात्रभरात गोवा, कारवार, मंगळूर मागे पडते आणि सकाळी केरळातले तिरूर येते. माझ्या पतींच्या कुवेतमधल्या जोडीदाराच्या मुलीचा निकाह पोन्नानीला होता. दोघांनी परदेशात बारा वर्षे एका खोलीत काढलेली, त्यामुळे आमंत्रण टाळणे शक्यच नव्हते. पण घरातून निघताना माझे मन मागे अडकले होते. फुफींची पेन्शन चार महिन्यांपासून बंद होती.

फुफी आमच्याकडेच राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, मूलबाळ नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1,500 रुपये हाच काय तो त्यांचा स्वतःचा पैसा. गुडघ्याचे औषध आणि ईदला पोरांच्या हातावर ठेवायच्या नोटा त्यातूनच निघतात. पडताळणीच्या वेळी यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. आयुष्यभर कोळंबी सोलून आणि भांडी घासून बोटांवर रेषाच राहिल्या नव्हत्या. तीनदा रिक्षा करून त्यांना तालुक्याला नेले आणि तीनदा तसेच परत आणले. "अंगठा झिजला माझा, आता नवा कुठून आणू?" असे म्हणून त्या हसल्या, पण त्यानंतर त्यांनी गुडघ्याचे औषध मागणे बंद केले.

तिरूर हे अक्षरांचे गाव आहे. मल्याळम भाषेचे जनक मानले जाणारे कवी तुंचत्त एळुत्तच्छन इथलेच. त्यांच्या जन्मस्थानी, तुंचन परंब येथे, विजयादशमीला लहान मुलांना पहिले अक्षर गिरवायला आणतात. तिथून पोन्नानीला जाताना चम्रवट्टम लागते आणि भारतप्पुळा नदीवरचा लांबलचक पूल येतो. आमच्या स्वागताला आलेले स्नेही गाडी चालवता चालवता म्हणाले, "भाभी, हे चम्रवट्टम बघून ठेवा. देशातले पहिले संपूर्ण संगणक-साक्षर गाव म्हणून याचे नाव झाले होते." त्यांची हिंदी कुवेतमध्ये शिकलेली, पण अगदी स्वच्छ.

मग त्यांनी अक्षय योजनेची हकीकत सांगितली. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा. घरोघरचे पुरुष आखातात आणि शिक्षणात जिल्हा मागे, अशी त्याची जुनी ओळख. 18 नोव्हेंबर 2002 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते अक्षय योजना सुरू झाली, तेव्हा पहिला प्रयोग याच जिल्ह्यात झाला. कोणत्याही घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत एक केंद्र आणि प्रत्येक कुटुंबातल्या किमान एका माणसाला संगणकाची ओळख, एवढेच उद्दिष्ट होते. शिकवणी मल्याळममधून चालायची. खर्चाचा मोठा भाग पंचायतींनी उचलला, कुटुंबाने फक्त 20 रुपये द्यायचे. 2004 मध्ये मलप्पुरम देशातला पहिला ई-साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला.

हे एका रात्रीत झाले नव्हते. 18 एप्रिल 1991 रोजी कोळिकोडच्या मैदानात केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा कोणा मंत्र्याने नव्हे, तर उतारवयात वाचायला शिकलेल्या मलप्पुरमच्या चेलक्कोडन आयेशा यांनी केली होती. याच जिल्ह्यातल्या के. व्ही. राबिया यांचे पाय पोलिओने गेलेले, तरी त्यांनी घरातच प्रौढांचे वर्ग चालवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आधी अक्षर आले आणि मग त्याच वाटेने संगणक आला.

पोन्नानी पाहून मला घरच्यासारखेच वाटले. तीच खाडी, तेच माड, दारात तीच सुकत घातलेली मासळी. आम्हा कोकणी मुसलमानांसारखेच इथले लोकही शाफई. ज्या 'फत्हुल मुईन' या ग्रंथावर शाफई फिकहचे शिक्षण दूरदूर चालते, तो लिहिणारे झैनुद्दीन मखदूम इथल्याच परंपरेतले. इथल्या जुन्या जुमा मशिदीचे उतरते, कौलारू छप्पर बघून मला आमच्या बंदरावरच्या जुन्या मशिदींची आठवण झाली.

स्नेह्यांच्या पत्नीला सगळे 'इत्ता', म्हणजे ताई म्हणतात. पतीरी आणि काळा सुलेमानी चहा पुढे ठेवत त्या सांगू लागल्या. अक्षय केंद्रात पहिल्यांदा माऊस धरला तेव्हा त्यांची मुलगी कडेवर होती. "हे कुवेतला. मला पडद्यावर त्यांचा चेहरा बघायचा होता, म्हणून शिकले. सरकारी कामे नंतर आपोआप जमायला लागली." त्यांच्या शेजारणीही अशाच शिकल्या. आता रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, हजचा अर्ज ही सारी कामे त्याच केंद्रात होतात.

आतल्या खोलीत स्नेह्यांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मी न राहवून विचारले, "यांची पेन्शन? अंगठा कसा देतात?" इत्तांनी सहज सांगितले, "अक्षयचा मुलगा यंत्र घेऊन घरी येतो. केंद्रात गेले तर 30 रुपये, घरी बोलावले तर 50." "आणि नाहीच उमटला तर?" "मग पंचायतीत हयातीचा दाखला द्यायचा. माणूस जिवंत आहे हे पंचायतीला माहीत असतेच ना!"

मला फुफींच्या तीन फेऱ्या आठवल्या. यंत्र तर आमच्याकडेही तसेच आहे. पण इथे यंत्र अडले तर माणूस घरी येतो आणि त्यानेही भागले नाही तर कागद चालतो. सरकारी सेवा ऑनलाइन झाली म्हणजे ती गरिबापर्यंत पोहोचलीच असे नाही. जो सर्वांत अशक्त आहे, त्याच्यासाठी दुसरा दरवाजा उघडा ठेवला असेल तरच ती पोहोचते.

सगळेच सोन्यासारखे आहे असेही नाही. सुरुवातीला ज्या तरुणांनी कर्ज काढून केंद्रे उघडली, त्यांतल्या अनेकांना खर्च भागवता आला नाही आणि काही केंद्रे बंदही पडली. जी टिकली ती लोकांच्या रोजच्या कामाची झाली म्हणून टिकली. शिकणेही थांबलेले नाही. 21 ऑगस्ट 2025 रोजी केरळ संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. त्या मोहिमेत शंभरी ओलांडलेले अब्दुल्ला मौलवी बाकवीही मोबाइल वापरायला शिकले.

घरी परतल्यावर मी चौकशी केली. अंगठा उमटत नसेल तर आधारमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. आम्हाला ती कोणी सांगितली नव्हती आणि आम्हीही कधी विचारली नव्हती. भाचीने फुफींना खिडकीजवळ उजेडात बसवले, त्यांच्या डोळ्यांसमोर मोबाइल धरला आणि त्यांना पापण्या मिटायला-उघडायला लावल्या. दुसऱ्या प्रयत्नात नोंद झाली. पैसे यायला आणखी दीड महिना लागला, पण अल्हम्दुलिल्लाह, आले.

आता दर रविवारी मदरशाच्या खोलीत भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी दोन तास बसतात. सर्वांत जास्त काम नावांचे निघते. एकच बाई आधारवर खतीजा, रेशन कार्डावर खदिजा आणि बँकेत खतीजाबी. माणसाला यात काहीच वावगे वाटत नाही, पण यंत्राला त्या तीन बायका वाटतात. म्हणून आधी सगळे कागद शेजारी ठेवून नाव जुळवायचे आणि मगच अर्ज भरायचा. दुसरी गोष्ट पावतीची. सेवा केंद्रात दरपत्रक वाचा आणि पावती मागा. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते, पण त्यासाठी हातात पावती हवी.

तुमच्या मोहल्ल्यातही अशी एखादी खोली आणि मोबाइल चालवणाऱ्या दोन मुली नक्की असतील. या ईदला फुफींनी माझ्या मुलांच्या हातावर नव्या नोटा ठेवल्या. भाचीला मात्र त्यांनी दुप्पट दिल्या.