मानोऱ्याची वाट आणि झांकलेली सायकल

मानोऱ्याचें नांव वाचकांनीं ऐकलें असेल तर तें बहुधा पोहरादेवीच्या निमित्तानेंच. वाशिम जिल्ह्यांतील हें लहानसें तालुक्याचें गांव. १९९८ सालीं अकोला जिल्ह्याचें विभाजन होईपर्यंत तें अकोल्यांत मोडत असे. आमचें एकत्र बिऱ्हाड गांवांत आणि माझी शाळा आठ किलोमीटरांवरील खेड्यांत. त्यामुळें गेलीं एकवीस वर्षें ही वाट मी सायकलीनें तुडवीत आलों आहें.

गेल्या दिवाळींत परदेशीं असलेल्या पुतण्यानें एका विलक्षण वाहनाचें चित्र पाठविलें. माशासारखें निमुळतें कवच, खालीं तीन चाकें, आणि आंत आरामखुर्चींत पहुडल्यासारखा बसून पायडल मारणारा स्वार! हिला वेलोमोबाईल म्हणतात. हिचें कूळ जुनें आहे. फ्रान्समधील शार्ल मोशे यांनीं पायांनीं चालविण्याच्या झांकलेल्या गाड्या तयार केल्या. त्यांच्याच पहुडून चालविण्याच्या दुचाकीवरून फ्रान्सिस फोर यानें १९३३ च्या जुलैंत तासाभरांत ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून विक्रम केला. पुढल्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें असल्या दुचाकी शर्यतींतून वगळल्या. हॉलंडांत मात्र आज कित्येक लोक अशा झांकलेल्या गाडींतून, पावसांत न भिजतां, कामावर जातात. “काका, तुम्हीही हीच घ्या,” असा पुतण्याचा आग्रह पडला.

घरांत या गोष्टीचा पुष्कळ खल झाला. कारण मागल्या श्रावणांतील प्रसंग कोणी विसरलें नव्हतें.

आमच्याकडील जमीन काळी, कपाशीची. मृगाच्या सरी पडल्या कीं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें चिखल असा घट्ट बसतो कीं दर फर्लांगास उतरून तो काडीनें खरवडावा लागतो. त्या दिवशीं तर नाल्याचें पाणी रपट्यावरून वाहत होतें. घरीं वाट पाहत असतील या विचारानें मीं सायकल हातीं धरून पाण्यांत पाय घातला. मध्यावर आलों नाहीं तोंच पायांखालचा आधार सुटला. जवळच्या तांड्यांतील एका वृद्ध बंजारा गृहस्थांनीं मला ओळखलें, आणि दोघां तरुणांसह धांवत येऊन बाहेर ओढलें. “मास्तर, आज पलीकडे जाऊं नका,” म्हणून त्यांनीं रात्रीं आपल्या घरीं ठेवून घेतलें. इकडे आई रात्रभर उपाशी बसून होती. दुसऱ्या दिवशीं दादांनीं एवढेंच विचारलें, “तूं लौकर पोहोंचावेंस असें आम्हीं कधीं म्हटलें होतें का?”

मग ती झांकलेली गाडी कां नको? पावसापुरती ती उत्तम खरी. परंतु नाल्याच्या ओढींत बंद कवच काय कामाचें? उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर गेला म्हणजे ती भट्टीच व्हावयाची. तेव्हां डोक्यास उपरणें, हाच आमचा उपाय बरा. शिवाय, जमिनीलगत चालणारी ती गाडी बैलगाडीवाल्यास दिसावी कशी?

आणि ऋतूंचें काय? मार्गशीर्षांतील धुक्यांत तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्याचा वास येतो, कापूस वेंचणाऱ्या बाया बांधावरून हांक मारतात. फाल्गुनांत पळस पेटतो. रामनवमीस पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या दर्शनास निघालेले यात्रेकरू भेटतात. याच समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादून देशभर हिंडले.

तथापि माझ्या नकाराचें मुख्य कारण निराळें. त्या संध्याकाळीं मला वांचविणाऱ्यानें मला ओळखलें, तें एकवीस वर्षें उघड्या तोंडानें त्याच्या दारावरून गेलों म्हणून.

आईला मात्र मीं वचन दिलें आहे : रपट्यावर पाणी आलें कीं अलीकडेच थांबावयाचें, आणि घरीं फोन करावयाचा. यंदा दोनदां थांबलों. दोन्हीं वेळां त्याच तांड्यांत गरम भाकर मिळाली, आणि घरींही आई वेळेवर जेवली.