दोन मागांचे मालक

वडगावात आमचे दोन यंत्रमाग होते. कागदोपत्री बाबा ‘मालक’. फी-सवलतीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहिताना माझे पेन तिथेच अडते. सूत व्यापाऱ्याचे, विणलेली साडीही त्याचीच. आमची फक्त मजुरी, आणि हो, विजेचे बिल!

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली नि खडखडाट थांबला. जन्मापासून त्या आवाजात झोपलेली मी; शांततेत डोळाच लागेना. पुढे एक माग भंगारात गेला, किलोच्या भावाने. बाबा काट्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

आई पाहुण्यांना अजूनही सांगते, “आमचे दोन माग आहेत.”

काल बाबांनी उरलेल्या मागाला तेल घातले, धोटा पुसून ठेवला. “हा राहू दे की,” म्हणाले. फीच्या हप्त्याबद्दल मी अजून काही बोललेही नव्हते.