बिस्किटची वही

माझ्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही आहे. वर 'बिस्किट' असं नाव घातलंय. पाहुण्यांना वाटतं, बाईंनी निवृत्तीनंतर पाककृती उतरवून घेतल्या! बिस्किट हे माझ्या नातीचं तट्टू. इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये असतं. बदामी रंग, सुटलेलं पोट, आणि खाण्याच्या बाबतीत माझ्यासारखंच, जिभेला लगाम नाही.

2022 च्या मे महिन्यात लेकीने ते घेतलं तेव्हा मी तिच्याकडेच होते. तेरा वर्षांचं होतं. घराजवळच्या एका शेतावर महिन्याच्या भाड्याने त्याची जागा घेतली. रोज सकाळी लेकीबरोबर मीही जायची. ती खरारा करायची, लीद उचलायची आणि मी कुंपणापाशी उभी राहून वहीत लिहायची. काय खाल्लं, लीद किती वेळा, चाल कशी. छत्तीस वर्षं पाठाचं टाचण काढलेला हात, तो काही रिकामा राहत नाही.

घोड्याबरोबर विमाही आला. त्याचे कागद मी शब्दकोश घेऊन वाचले. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला त्यात एकच गोष्ट लख्ख दिसली, न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययं! एका आजाराला पाच हजार पौंडांपर्यंत खर्च मिळेल, पण पहिली ठरावीक रक्कम आपली. पण फक्त बारा महिने. पण आधीपासूनचं दुखणं नाही. पण विमा घेतल्यावर पहिल्या चौदा दिवसांत जे दिसेल तेही नाही.

शेवटच्या त्या 'पण'पाशीच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

जूनमधल्या एका रात्री शेतावरून फोन आला. बिस्किट आडवं पडून लोळत होतं, उठत होतं, परत पडत होतं. पोटशूळ. आपल्याला वाटतं, पोट दुखलं तर दुखलं. पण घोड्याला ओकता येत नाही. आत जे अडकलं ते वरून बाहेर पडायची वाट नाही. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत खेळ संपतो. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44. बिस्किटची सत्तरच्या वर गेली होती. नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली आणि पहाटे त्याला घोड्यांच्या दवाखान्यात हलवलं. नात गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. शस्त्रक्रियेविना ते वाचलं. दोन रात्रींचं बिल दोन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे आपले दोन लाख.

लेक दाव्याचा अर्ज भरायला बसली. त्यात प्रश्न होता, लक्षणं पहिल्यांदा कधी दिसली? तिने त्या रात्रीची तारीख घातली. मी वही उघडली. विमा घेतल्याच्या नवव्या दिवशी माझ्याच अक्षरात होतं, 'आज चारा अर्धा टाकला. पायाने जमीन उकरतो. मान वळवून पोटाकडे पाहतो. फिरवल्यावर ठीक.' त्या दिवशी डॉक्टर बोलावला नव्हता. म्हणजे दवाखान्याच्या कागदांत याची नोंद नाही. नोंद फक्त माझ्याकडे.

"आई, हे कुणाला माहीत आहे?" लेक म्हणाली.

"आपल्याला," मी म्हटलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो वेगळा त्रास असेल. तू डॉक्टर आहेस का?" तिचंही खरंच होतं. मी म्हटलं, "मी नाही, तूही नाहीस. लिहिलंय ते पाठव, ठरवू देत त्यांना." तिने पाठवलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. दावा नामंजूर. शिवाय पोटाचं कुठलंही दुखणं यापुढे विम्यातून वगळलं.

तुम्हाला वाटेल, बाईंनी मोठी मान ताठ केली. नाही हो. सत्य माझं होतं, पैसे लेकीचे होते. मी पेन्शनीतून द्यायला निघाले, ती घेईना. दोन दिवस घरात फक्त 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलणं. वही तिथेच कचऱ्यात टाकावी असंही एकदा मनात आलं.

2023 च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेले तर बिस्किट मागच्या पायांवर भार टाकून, पुढचे पाय पुढे काढून उभं. पाऊल टाकेना. खुराच्या आत हाड आणि नख यांना धरून ठेवणारा एक नाजूक थर असतो, त्याला सूज आलेली. फार वाढली तर हाड आत सरकतं. रक्तात इन्शुलिन जास्त निघालं. वसंतातल्या कोवळ्या, साखरेने भरलेल्या गवताचा हा प्रताप. घोड्याने गवताशी दोस्ती केली तर खाणार काय, असं आपण म्हणतो. इथे गवतानेच घोड्याशी वैर धरलं! वाळलेलं गवत पाण्यात भिजवून साखर काढून द्यायचं आणि चरायला सोडताना तोंडाला मुसकं बांधायचं. आमच्याकडे मळणीच्या बैलांना बांधत तसंच, फक्त याला खाली लहानसं भोक. मीही मधुमेहाची. भाताच्या वाढीव घासाला लेक मला टोकते तेव्हा मला ते मुसकंच आठवतं.

हा दावा मात्र मंजूर झाला. पहिली रक्कम कापून बाकीचे पैसे आले. नूतनीकरणाच्या कागदावर चारही पायांची ती व्याधी वगळलेली. 2024 मध्ये उजव्या डोळ्याच्या बुबुळावर जखम झाली, दर काही तासांनी औषध घालावं लागे. तोही दावा मिळाला, आणि उजवा डोळा वगळला.

नातीने एके दिवशी बिस्किटचं चित्र काढलं आणि वगळलेल्या भागांवर लाल फुल्या मारल्या. पोट, चार पाय, उजवा डोळा. "आजी, आता शेपूट उरली," ती म्हणाली. आम्ही खूप हसलो. नंतर मला ते चित्र बघवेना.

विमा कंपनीला दोष देत नाही. जळत्या घराचा विमा कोण उतरवेल? पण माणसाला निदान वाट पाहायची सोय आहे. आपल्याकडे जुन्या दुखण्यासाठी आरोग्यविम्यात थांबायची कमाल मुदत 2024 मध्ये 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आणली. माझे गुडघे आणि साखर तीन वर्षं थांबून का होईना, आत येतात. बिस्किटचं जे दुखणं एकदा बाहेर गेलं ते परत आत आलं नाही.

2025 मध्ये बिस्किट सोळाचं झालं. लेकीने हिशेब मांडला आणि आजारांचा विमा बंद केला. त्याने कुणाला लाथ मारली, कुणाचं नुकसान केलं, तर तेवढ्यापुरता ठेवला. हप्त्याचे पैसे आता दरमहा वेगळ्या खात्यात पडतात. मोठं आजारपण आलं तर ते पुरायचे नाहीत, हे तिलाही कळतं, मलाही. तेव्हा काय करायचं, तेही आम्ही नातीसमोर बसून बोललोय. वेदना किती झाल्यावर थांबायचं, हे आधी ठरवलेलं बरं, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या.

पहिल्या दाव्याबद्दल लेक आणि मी परत कधी बोललो नाही. मी बरोबर केलं का? वर्गात विचारलं असतं तर फळ्यावर उत्तर लिहून मोकळी झाले असते. आज तसं जमत नाही.

मी भारतात असते तेव्हा वही माझ्यापाशी असते, बिस्किट तिकडे. रोज रात्री लेकीचा फोन येतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, हे झालं की म्हणते, "हं, लिही."

आणि मी लिहिते. चारा संपवला. चाल ठीक. लीद सात वेळा.