मागची रांग

आर्वीच्या जत्रेत आकाशपाळण्याला पाहून डोळे मिटणारे आमचे चिरंजीव कॉलेजात जाताच रोलर कोस्टरचे आचार्य झाले. खोपोलीच्या इमॅजिकातल्या ‘नायट्रो’वर तर त्यांचं प्रवचनच!

“बाबा, ४० मीटर उंची, पाचदा उलटं, पायाखाली फळीबी नाही! पुढं बसलं की दिसते, मागं बसलं की खेचते. आपण मागंच.”

बँकेत वीस वर्षं मागच्याच टेबलावर काढलेल्या माणसाला मागचं काय नवल!

चढण लागताच आचार्यांनी माझा हात घट्ट धरला. घामेजलेला, जत्रेतलाच हात. मग मी डोळे उघडेच ठेवले. दोघांपैकी एकाने तरी ठेवायला हवेत ना?

उतरल्यावर म्हणतो, “तुम्ही घाबरले ना, म्हणून धरला.”

मी मान डोलावली. रक्कम खात्यात जमा झाली. पावती कशाला मागायची?